मोरीच्या पाण्यावर फुलांचा वाफा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात जा. जिकडेतिकडे झेंडूचे ढीग दिसतात. दाराला तोरण हवे, देवाला हार हवा. नांगराला माळ हवी आणि शिलाई मशीनला, मोटारसायकललाही हवी. त्या दिवशी फूलवाला सांगेल तो भाव. पिशवी घेऊन घरी येताना आपण म्हणतो, "पुढल्या वर्षी दारातच झेंडू लावू." पुढल्या वर्षी पाऊस पडतो. आपण कुठून तरी चार रोपे आणतो आणि अंगणाच्या कडेला खोचतो. त्यांतली दोन मरतात, एक शेळी खाते आणि उरलेले एक दिवाळी झाल्यावर फुलते.

मग आपण म्हणतो, आमच्या हाताला फुले येत नाहीत. पण हाताचा काही दोष नसतो. दोष बहुतेक वेळा मातीत असतो, आणि तो रोप लावण्याच्या आधीचा असतो.

आमच्या घरी काय झाले ते आधी सांगतो.

आमच्या घराच्या मागे मोरीचे पाणी बाहेर पडते. पूर्वी तिथे बारा महिने चिखल असे. डास होत. पोरे घसरून पडत. फुले लावायची हौस आम्हाला होती. पण घरातून उत्तर आले, "अहो, फुलांना पाणी कोण घालणार? उन्हाळ्यात प्यायचे पाणी मी लांबून डोक्यावर आणते. त्यातले एक तांब्याभर पाणीसुद्धा झाडाला मिळणार नाही." बोलणे खरे होते. म्हणून आम्ही विचार केला, मोरीचे पाणी तर फुकटच जाते. त्या चिखलातच झेंडू लावू. चिखलही जाईल आणि फुलेही येतील.

रोपे लावली. आठ दिवस बरी दिसली. मग माना टाकू लागली. आम्हाला वाटले, पाणी कमी पडते. आम्ही मोरीचे सगळे पाणी तिकडे वळवले. रोपे आणखी सुकली. तेव्हा शेजारचे आजोबा आले. त्यांचा जन्म मळ्यात गेलेला. त्यांनी एक रोप उपटले आणि मुळी आमच्या नाकाशी धरली. मुळी तपकिरी झाली होती. तिला कुजका वास येत होता. आजोबा म्हणाले, "अरे बाबांनो, याला तहान नव्हती लागली. हे बुडून मेले."

झाड कोरड्यात कसे बुडते, हे त्या दिवशी आम्हाला कळले. तेच इथे सांगायचे आहे.

माती म्हणजे नुसते कण नव्हेत. कणाकणांच्या मध्ये बारीक जागा असते. त्या जागेत थोडे पाणी असते आणि थोडी हवा असते. मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. मुळेही श्वास घेतात. पाणी साचून राहिले की मातीतली हवा निघून जाते. मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेली मुळी पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले रोपही सुकलेले दिसते. आपण फसतो आणि त्याला आणखी पाणी पाजतो. रोप सुकले तर आधी बुडाशी बोट खुपसून पाहावे. दोन पेरांवर माती ओली लागली, तर पाणी बंद ठेवावे.

अंगणातली जमीन माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी तुडवलेली असते. तिच्यात हवेला जागाच नसते. म्हणून वाफा करायचा म्हणजे पहिल्याने काय करायचे? मातीत हवा भरायची. बाकीचे सगळे मागाहून.

जागा निवडताना ऊन पाहा. झेंडूला, गुलाबाला दिवसातून सहा तास तरी ऊन हवे. कडुनिंबाच्या दाट सावलीत झेंडूची नुसती काडी वाढते. मग पाणी कुठे जाते ते पाहा. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. हातभर खोल खड्डा घ्या. त्यात एक बादली पाणी ओता. ते जिरले की पुन्हा एक बादली ओता. दुसरे पाणी तीन-चार तासांत जिरले तर जागा उत्तम. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले तर तिथे सपाट वाफा करू नका. आमच्याकडच्या काळ्या मातीत असेच होते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तडकते. कोकणातल्या तांबड्या मातीत उलटे आहे. तिथे पाणी भरभर निघून जाते. तिथे शेणखत आणि पालापाचोळा जास्त घालावा लागतो.

आता खणायचे. पण कधी? पाऊस पडला, माती मऊ झाली, म्हणून लगेच कुदळ घेऊ नका. शेतकऱ्याला वाफसा माहीत असतो. शेतात आपण वाफसा पाहतो, अंगणात मात्र विसरतो. मूठभर माती घेऊन दाबा. हाताला चिकटली तर अजून ओली आहे. गोळाच झाला नाही तर फार कोरडी आहे. गोळा झाला आणि टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आला. ओली काळी माती खणली की तिची ढेकळे होतात. ती वाळली की दगडासारखी होतात. मग वर्षभर फोडत बसावे लागते. आम्ही एका वर्षी बसलो आहोत.

वाफा दहा फूट लांब आणि चार फूट रुंद करा. रुंदी चारच फूट का? दोन्ही बाजूंनी बसून मधोमध हात पोचला पाहिजे. खुरपताना वाफ्यात पाय टाकावा लागू नये. एकदा वाफा खणला की त्यात पाय द्यायचा नाही, हा नियम घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. पाय दिला की भरलेली हवा गेली.

एक फूट खोल खणा. दगड, काचा, प्लास्टिकच्या पिशव्या वेचून काढा. हरळी आणि लव्हाळा असेल तर मुळ्या, गाठी वेचून बाहेर टाका. हरळीचा एक तुकडा राहिला तरी महिन्यात वाफा तिचाच होतो. खणलेली माती चार-आठ दिवस उन्हात तापू द्या. मग तिच्यात दोन घमेली शेणखत मिसळा. काळ्या मातीत एक घमेले जाड वाळूही घाला. नदीची असो की ओढ्याची असो, पण बारीक माती मिसळलेली नको. माती अशी भुसभुशीत झाली की वाफा आपोआप वर येतो. आजूबाजूची थोडी माती ओढून तो वीतभर उंच करा. याला गादीवाफा म्हणतात. जास्तीचे पाणी त्याच्या कडेने निघून जाते आणि मुळे मोकळी राहतात. उन्हाळ्यात, जिथे पाणी थोडे तिथे, सपाट वाफा बरा. पावसाळ्यात मात्र गादीवाफाच हवा.

शेणखताविषयी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खत कुजलेले हवे. ताजे शेण घालू नका. पुष्कळांना वाटते, ताजे तेवढे जोरदार. पण कच्च्या शेणावर हुमणीचे भुंगे अंडी घालतात. त्यांतून पांढरी अळी निघते, ती रोपांच्या मुळ्या खाते. शिवाय शेण कुजताना गरम होते. कोवळी मुळी ते सोसत नाही. हातात घेतल्यावर मातीसारखे मोकळे होते, काळे दिसते आणि ज्याला शेणाचा वास येत नाही, ते खत कुजले असे समजा.

युरियाचेही असेच. आमच्या ओळखीच्या एका घरी शेतातला उरलेला युरिया मूठ-मूठ झेंडूला घातला. झेंडू कमरेएवढा झाला. हिरवागार! बघायला माणसे येत. पण दसऱ्याला त्यावर फुले किती? मोजून सात. नत्र जास्त झाले की झाड पानेच काढत बसते.

आता पाण्याचा हिशेब करू. घरातल्या बाईचा प्रश्न तोच होता. समजा, घरात पाच माणसे आहेत. माणशी एक बादली पाणी अंघोळीला लागते. म्हणजे रोज पाच बादल्या पाणी मोरीतून वाहून जाते. वर सांगितलेल्या वाफ्याला पाऊस नसताना दर चार-पाच दिवसांनी चार बादल्या पाणी पुरते. म्हणजे एका दिवसाच्या अंघोळीत वाफ्याचे चार दिवस निघतात. वरून बोटभर जाडीचा पालापाचोळा, भुसा किंवा उसाचे पाचट पसरले तर त्याहून कमी पुरते, कारण ऊन मातीला थेट लागत नाही. प्यायच्या पाण्यातला तांब्या मागायची गरजच नाही.

पण मोरीचे सगळे पाणी सारखे नसते. अंघोळीचे पाणी चालते. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेले पाणी तर फारच चांगले. भांडी घासलेले पाणी गाळून, मधून मधून चालते. कपडे धुतलेले पाणी मात्र वाफ्यात नको. धुण्याच्या पावडरीत आणि सोड्यात क्षार असतात. ते मातीत साठत जातात. काळी माती त्याने घट्ट होते, वरून पांढरी दिसू लागते आणि पाणी आत घेत नाही. म्हणजे इतके खणून भरलेली हवा आपणच पुन्हा घालवायची. ते पाणी कर्दळीकडे किंवा शोषखड्ड्याकडे सोडावे. कर्दळ ओल सोसते, आणि तिलाही लाल-पिवळी फुले येतात. बाळाचे लंगोट धुतलेले पाणीही वाफ्यात घालू नये, कारण ते फूल आपण देवाला वाहतो, केसांत माळतो.

आम्ही मग काय केले? मोरीच्या तोंडाशी जमिनीत एक जुनी प्लास्टिकची टाकी बसवली. तोंडावर जाळी ठेवली. केस आणि खरकटे त्यात अडकते. टाकी भरून वाहू लागली की जास्तीचे पाणी शोषखड्ड्यात जाते. खड्डा म्हणजे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू. वाफा टाकीपासून चार पावले लांब, उंचावर केला. संध्याकाळी टाकीतले पाणी बादलीने काढायचे आणि रोपांच्या बुडाशी घालायचे. वाफ्याची पाळी नसेल त्या दिवशी ते कर्दळीला ओतायचे. टाकी रोज रिकामी करायची. पाणी शिळे राहिले तर वास येतो, आणि आठ-दहा दिवस साचले तर त्यात डासांची पैदास होते. पाणी पानाफुलांवर उडवू नये. ते काम आमची थोरली मुलगी करते. सांगितल्याशिवाय करते, कारण पहिले फूल तिचे असे ठरले आहे.

आता झेंडू. झेंडू आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो परदेशी आहे हे खरे वाटत नाही. तो मूळचा मेक्सिकोचा. तिथले लोक नोव्हेंबरच्या आरंभी आपल्या गेलेल्या माणसांची आठवण म्हणून याच फुलांनी घर सजवतात. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेले 'पुसा नारंगी गेंदा' आणि 'पुसा बसंती गेंदा' हे वाण ठाऊक असू द्यावेत. गेंदा म्हणजे हिंदीत झेंडू. पहिला नारंगी, दुसरा पिवळा.

दसऱ्याला फूल हवे तर बी कधी टाकायचे? तारीख पाठ करू नका, कारण दसरा दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. तिथी धरा. आषाढी एकादशीच्या सुमारास बी टाका. वारी पंढरपुरास पोचली की बी मातीत पडले पाहिजे. तिथून दसरा तीन महिन्यांवर असतो. श्रावण, भाद्रपद किंवा आश्विन अधिक आला, तर दसरा एक महिना पुढे जातो. त्या वर्षी बी महिनाभर उशिरा टाका. 2023 साली अधिक श्रावण होता. ज्यांनी नेहमीप्रमाणे आषाढीला बी टाकले, त्यांचा बहर सणाच्या आधीच सुरू झाला असेल.

बी एखाद्या फुटक्या घमेल्यात टाकले तरी चालते. बुडाला भोके हवीत. बोटाच्या अंतरावर बी पेरा, वरून पातळ माती टाका, हलक्या हाताने पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांत उगवते. जोरदार पावसापासून रोपे जपा. साधारण चार आठवड्यांत रोप वीतभर होते. मग वाफ्यात लावा. दीड-दीड फुटावर एक असे. आपल्या वाफ्यात तीन ओळी आणि ओळीत सात, अशी एकवीस रोपे बसतील. जवळ जवळ लावण्याचा मोह होतो. करू नका. दाटी झाली की वारा खेळत नाही आणि पानांवर रोग येतो. लागण संध्याकाळी करा. रोपाला रात्रीचा गारवा मिळतो.

लागणीनंतर तीन आठवड्यांनी एक काम करायचे असते. ते करताना जिवावर येते. रोपाचा वरचा शेंडा नखाने खुडून टाकायचा. आमच्या घरात यावर भांडण झाले होते. "चांगले वाढते आहे, ते कशाला मोडता?" पण शेंडा खुडला की बाजूने सहा-आठ फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला फुले येतात. न खुडलेले रोप उंच सरळ जाते आणि थोडी फुले देते. शंका असेल तर एक ओळ तशीच ठेवा आणि ताडून पाहा. आम्हीही तसेच केले, तेव्हा भांडण मिटले. मात्र खुडायला उशीर करू नका, नाहीतर फुले दसरा चुकवतील.

भाद्रपदात झाडे जड होतात, वाऱ्या-पावसाने आडवी होतात. बुडाशी मातीची भर द्या आणि तुराट्यांचा आधार द्या. सुकलेली फुले रोज खुडत जा. फूल झाडावर सुकले की झाड बी धरू लागते आणि नवी कळी कमी येते. वाफा नीट जपला तर हंगामात पाच-सहा किलो फुले मिळू शकतात. घरचे तोरण, हार होऊन शेजारी द्यायला उरतात.

कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर निंबोळीचा अर्क फवारा. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण मिसळायचा. अर्क त्याच दिवशी वापरा. कोंबड्या भुसभुशीत माती पाहून लगेच उकरायला येतात. त्यांना बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण पुरते. शेळीला पुरत नाही. शेळी बांधावीच लागते.

वाफा जमला की इतर फुलांची हौस येते. अबोलीला थोडी सावली चालते, ती घराच्या पूर्वेला लावा. मोगऱ्याचे पाणी थंडीत तोडून छाटणी केली, तर उन्हाळ्यात बहर येतो. शेवंतीचे मुनवे लावतात. शेवंतीची एक गंमत आहे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळ्या धरते. रात्र मोठी झाली हे तिला अंधारावरून कळते. म्हणून रस्त्याच्या विजेच्या दिव्याखाली शेवंती लावू नका. रात्रभर उजेड पडला तर ती कळ्या धरायला उशीर करते, आणि आपण मातीला दोष देत बसतो.

दिवाळीनंतर झेंडूची झाडे उपटून शेणखताच्या खड्ड्यात टाका. वाफा पुन्हा फूटभर खणा, एक घमेले खत घाला आणि पुढच्या वेळी दुसरे फूल लावा. झेंडूच्या मुळ्यांमुळे मातीतले काही सूक्ष्म सूत्रकृमी कमी होतात. त्यामुळे त्याच्या मागून तिथे वांगी, टोमॅटो लावले तरी चांगले.

झाडे उपटण्यापूर्वी बी धरा. सगळ्यात चांगल्या दोन-तीन झाडांवरची पहिली मोठी फुले बियांसाठी राखून ठेवावीत, उरलीसुरली नव्हे. ती झाडावरच वाळू द्यावीत. दुकानातून आणलेल्या संकरित बियाण्याचे बी मात्र धरू नका, त्याची फुले मायेसारखी निघत नाहीत. वाळलेले बी सावलीत आणखी सुकवा आणि कागदाच्या पुडीत बांधा. पुडीवर तीन गोष्टी लिहा: फुलाचा रंग, बी धरल्याचा महिना आणि साल. पुडी मिठाच्या बरणीजवळ ठेवू नका, तिथे ओल लागते.